काळ्या डबीतला दात

"हे तपासून द्या," भागीरथाबाई म्हणाल्या, "मंग मी नागपूरले येईन. त्याच्या आंधी नाई."

आणि त्यांनी दवाखान्याच्या फायलीवर एक काळी डबी ठेवली. पूर्वी कॅमेऱ्याचे रोल ज्यात यायचे तसली, राखाडी झाकणाची.

श्रावणभाऊ सकाळपासून फायलीतले कागद लावत बसले होते. इको, रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्डाच्या झेरॉक्स. सोमवारी नागपूरला भरती होऊन भागीरथाबाईंच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की आता आणखी पुढे ढकललंत तर नंतर आम्हालाही हात लावता येणार नाही. मुलगा रत्नदीप रविवारी पुण्याहून येणार होता. गाडी ठरली होती, पिपरी मेघेतल्या घराची किल्ली शेजारी द्यायचंही ठरलं होतं. आणि ऐन वेळी बाईंनी हे काढलं.

डबी श्रावणभाऊंच्या ओळखीची होती, पण आवाजानं. रोज पहाटे भागीरथाबाई उठून बसल्या की उशीखालून काहीतरी काढायच्या, कानाशी धरून हलवायच्या, आणि पुन्हा उशीखाली सारायच्या. बारीकसा खुळखुळ आवाज यायचा. इतकी वर्षं त्यांची समजूत अशी, की बाई चोरून सुपारी खाते. "खा, खा, उरलेसुरले दात बी पाडून घे," असं त्यांनी दोन-चारदा चिडवलंही होतं.

त्यांनी झाकण काढलं. आत एक दात होता. एवढासा, समोरचा, दुधाचा.

"कोनाचा व हा?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना उमगलं.

"काजलचा."

हे नाव त्या घरात कित्येक वर्षांत कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. रत्नदीप काजल गेल्यानंतर झालेला. आपल्याला एक बहीण होती, ती सातव्या वर्षी रक्ताच्या आजारानं गेली, हे त्यालासुद्धा मामाकडून कळलेलं.

श्रावणभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि मग त्यांच्या तोंडून नेमकं तेच निघालं, जे जन्मभर निघत आलं होतं. "एका दातानं काई होत नाई, भागीरथा. अशे पन्नास-शंभर लागतात. सगळ्याईची मिळून राख करा लागते, तवा कुठं मशीनले काई दिसते."

"माह्यापाशी एकच आहे."



"अन् राख झाल्यावर दात राह्यत नाई," ते हळूच म्हणाले. "तपासनं म्हणजे जाळनं. हे समजून राह्यली ना तू?"

"तुमच्यासंग जनम काढला मी, मले सांगता काय?" बाईंना दम लागला. त्या खाटेच्या काठावर टेकल्या. "पन मले कळलं पाह्यजे माही पोरगी कायनं गेली ते. नवी झडप बसवून करता काय, आतमंधी तेच सलून राह्यलं तर?"

एवढं बोलून त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडायला बसल्या. त्यांचं एकदा ठरलं की ठरलं, हे श्रावणभाऊंना चांगलं माहीत होतं.

आता श्रावणभाऊ करायचे काय, हे सांगायला हवं. नालवाडीतले, म्हणजे बाईंच्या माहेरचे लोक त्यांना 'बॉम्बवाला श्रावण' म्हणत. मुंबईला सरकारी प्रयोगशाळेत नोकरी, अणूशी संबंध, म्हणजे हा पठ्ठ्या बॉम्ब बनवतो, अशी गावाची खात्री. लग्नाकार्यात पोरं त्यांच्याभोवती जमायची. खरं तर त्यांचं काम होतं बॉम्ब फुटून गेल्यानंतरचं. भागीरथाबाई जावा-नणंदांना सांगत ते जास्त खरं होतं: "आमचे हे सरकारच्या मासोळ्या जाळते!"

पार पॅसिफिक महासागरात काही बेटं आहेत. मोठ्या देशांनी तिथं समुद्राच्या पोटात बॉम्ब फोडून पाहिले. पाणी डोंगराएवढं उसळलं, तळाचा गाळ, पोवळी, मासे सगळं वर गेलं आणि विषारी होऊन पुन्हा खाली बसलं. फोडणारे आपापल्या घरी गेले. पुढं कित्येक वर्षं तिथला वाळवलेला गाळ, माशांची हाडं, नारळाचा गर असं काहीबाही जगभरच्या प्रयोगशाळांना थोडं थोडं पाठवलं जाई. सगळ्यांना एकच नमुना, कुणाचं उत्तर कुणाशी जुळतं हे पाहायला. मुंबईत समुद्रकाठच्या त्या इमारतीत असा डबा आला की तो श्रावणभाऊंच्या टेबलावर यायचा.

ते तो नमुना भट्टीत घालून पांढरी राख होईपर्यंत जाळत. राख तेजाबात विरघळवत. मग त्यातून लोखंड काढ, बेरियम काढ, कॅल्शियम काढ, असं करत करत शेवटी बॉम्बनं मागं ठेवलेलं चिमूटभर किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम हाती लागे. हे स्ट्रॉन्शियम मोठं लबाड. हाडाला आणि दाताला ते कॅल्शियमच वाटतं. दूध म्हणून घेतात आणि आत मुरवून ठेवतात. ती चिमूट झाकून दोन आठवडे गप्प ठेवायची, मग तिच्यातून जे नवं द्रव्य तयार होईल ते काढून मोजायचं. घाई केली की सगळं मुसळ केरात. श्रावणभाऊंना या कामात घाई कशी ती माहीतच नव्हती. लग्नात जेवायला बसले तरी पंगतीत सगळ्यात शेवटी उठणार.

आणि त्या प्रयोगशाळेचा एक नियम होता, तो त्यांच्या रक्तात भिनला होता. उत्तर कधी 'शून्य' द्यायचं नाही. काही सापडलं नाही, तर 'आमच्या मशीनला दिसेल त्याहून कमी' असं म्हणायचं. शून्य आहे हे सांगणारे आपण कोण?

दुपारी रत्नदीपचा फोन आला. श्रावणभाऊ अंगणात जाऊन बोलले.

"बाबा, यात एवढं काय आहे? सांगून टाका ना. तपासलं म्हणा, काही निघालं नाही म्हणा. झिरो."

"तसं म्हनता येत नाई बाप्पा."

"अहो, आई जगली पाहिजे, का तुमचा रिपोर्ट बरोबर आला पाहिजे?"

पोरगं रागावलं होतं, पण त्याचा आवाज कापत होता. श्रावणभाऊंनी फोन ठेवला. पोराचं चुकत नव्हतं. आपण बायकोशी खोटं बोलू शकतो का, हे त्यांनी मनातल्या मनात पाहून घेतलं. बोलूही शकले असते. पण भागीरथा डोळ्यांकडे बघून विचारणार, आणि आपली मान खाली जाणार, हेही त्यांना दिसत होतं. आणि खोटं बोलायचं तर आधी दात नाहीसा करायला हवा. तो कुठं टाकायचा?

दोन घरं सोडून सुनीती मॅडम राहायच्या. वर्ध्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, श्रावणभाऊंना 'काका' म्हणायच्या. त्यांच्या प्रयोगशाळेत एक भट्टी होती. राख इथं करावी आणि मुंबईला जुन्या ओळखीनं मोजायला पाठवावी, असा विचार करून दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावणभाऊ डबी खिशात घालून ऑटोत बसले. मोजून काही दिसणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण बाईनं सांगितलं ते आपण केलं, एवढं तरी म्हणता येईल. दुसरं काही सुचत नव्हतं.

ऑटोवाला ओमप्रकाश ओळखीचा होता. "बाबूजी, बाईंची तब्येत?" त्यानं विचारलं.

"ठीक आहे," श्रावणभाऊ म्हणाले. रस्ताभर त्यांनी खिशावर हात दाबून धरला होता, डबी वाजू नये म्हणून.

मॅडमनी काही न विचारता भट्टी लावून दिली. भट्टी तापायला वेळ लागतो. श्रावणभाऊ स्टुलावर बसून राहिले. लहानशी चिनी मातीची मूस त्यांनी पुसून घेतली, तिच्यात दात ठेवला. चिमट्यानं मूस उचलली. भट्टीचं दार उघडलं तसा तो लाल उजेड तोंडावर आला. जन्मभराचा ओळखीचा उजेड. त्यात किती मासे गेले, किती हाडं गेली, हात कधी अडला नव्हता.

आज अडला. मूस भट्टीच्या दारातच अधांतरी राहिली.

"काका," मागून सुनीती मॅडम म्हणाल्या, "राहू द्यायचं का?"

श्रावणभाऊंनी दार लावलं. मूस टेबलावर ठेवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते त्यांनी बाहीनं पुसलं. बाईमाणसासमोर रडायची त्यांना लाज वाटली, पण रडले. मॅडमनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि त्या समोरच्या स्टुलावर बसल्या.

"कुणाचा आहे, काका?"

"आमच्या पोरीचा. पह्यला पडलेला." त्यांनी दात तळहातावर घेतला. "मुंबईले आमी चौथ्या माळ्यावर राहो. दात पडला तं छपराच्या कवेलूवर फेका लागते ना, उंदरासाठी? तिथं कुठचे कवेलू! पोरगी रडे, का उंदराले माहा दात भेटनार नाई अन् मी बोळकीच राहीन. तं तिची माय म्हने, उन्हाळ्यात नालवाडीले जाऊ, मामाच्या घरावर फेकू. म्हनून ठेवला असन."

"मग?"

"उन्हाळ्याच्या आंधीच गेली ते."

श्रावणभाऊ दात उलटापालटा करून बघू लागले. इतक्या वर्षांनंतरही पांढरा होता. खाली मूळ नव्हतंच. दुधाचा दात पडायच्या आधी मूळ झिजून जातं, वरची टोपी तेवढी हाती येते. आतून पोकळ. सहज म्हणून ते त्या पोकळीत बघत होते, आणि बघता बघता एकदम थांबले.

"अरे, मी बी काय बह्याड मानूस आहो!" ते मोठ्यानं म्हणाले.

"काय झालं, काका?"

"हे मले माहीत होतं. नोकरीले लागलो तवाच शिकवलं होतं, दात कवाचा हिशोब ठेवते ते. अन् कालपासून डोक्यात आलं नाई." त्यांनी दात डबीत टाकला, झाकण घट्ट लावलं. "येतो मॅडम. भट्टी बंद करून द्या. तुमाले उगीच तकलीफ देल्ली."

घरी आले तेव्हा भागीरथाबाई पडवीत अंबाडीची भाजी खुडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. हात तेवढे थांबले.

श्रावणभाऊंनी डबी त्यांच्या कानाशी नेऊन हलवली. खुळखुळ वाजली.

"जाळला नाई?"

"नाई."

बाईंनी डोळे मिटले. सुटल्यासारखं वाटलं की हिरमोड झाला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. श्रावणभाऊ शेजारी बसले. गुडघे कुरकुरले.

"एक सांग. काजल पोटात होती तवा तू काय खाये?"

"हे काय विचारनं झालं आता?"

"सांग त खरी."

"काय खाईन? नालवाडीले होती मी. तुमाले सरकारी कॉटर कुठं भेटलं होतं? काजल वर्साची झाली तवा तुमी मले मुंबईले नेलं." बोलता बोलता त्या जुन्या दिवसांत शिरल्या. "माय ज्वारी भरडून कन्या शिजवे. अंबाडीची भाजी, हेच. शेजारच्याईच्या गाईचं दूध ये, मले वास ये त्याचा, तं माय जबरन पाजे. अन् चिचा. किसना झाडावर चढून पाडे अन् मी पदरात लपवून खावो. मायनं पाह्यलं का आमा बहीनभावाले बोलने बसत." त्या हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या.

"हा दात त्याचा आहे," श्रावणभाऊ म्हणाले.

"कायचा?"

"त्या कन्यांचा. त्या दुधाचा. समोरचा दुधाचा दात पोटातच बनते, भागीरथा. बाळ झाल्यावर दोन-तीन महिने, बस. मंग त्यात काई भर पडत नाई. तो हिरडीत लपून राह्यते अन् मंग दिसते, एवढंच. हा पुरा नालवाडीत झाला. मुंबईचं पानी बी लागलं नाई त्याले. माह्या टेबलावर समुद्राचा गाळ आला तवा पोरगी पाच वर्साची होती. या दाताले त्याचं काई माहीत नाई. जाळला असता, तरी तू विचारून राह्यली ते त्यानं सांगतलंच नसतं."

भागीरथाबाईंनी डबी हातात घेतली. झाकण उघडून आत बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होत्या. "मायच्या घरचा," त्या पुटपुटल्या. पदरानं डोळे टिपले.

श्रावणभाऊंना वाटलं, सुटलं. सोमवारचं जमलं. ते उठायला लागले.

"अन् कपड्याईचं?" बाई म्हणाल्या.

"कायचे कपडे?"

भागीरथाबाई खाली बघत होत्या. अंबाडीचा एक देठ त्या बोटांनी नुसता चुरत होत्या. "तुमचे शर्ट-प्यांट अन् तिचे फ्राक मी एकाच बादलीत भिजवो. पान्याची कमी राहे चौथ्या माळ्यावर. दोन बादल्या कुठून आनू? शाळेच्या कपड्याईले नीळ द्या लागे म्हनून ते शेवटी भिजवो, तुमच्याच पान्यात. रोज. वर्स-दीड वर्स. अन् मंग ते आजारी पडली." "तुमी समजत असान मी तुमाले बोल लावून राह्यली. तुमाले नाई. मी सोता केलं ते. या हातानं."

श्रावणभाऊ तसेच अर्धे उठलेले पुन्हा खाली बसले. एवढी वर्षं ते घरात कसे वागत आले होते! बायको त्या कामाला दोष देते, आपल्याला दोष देते, आणि तिचा दोष देणं रास्तच आहे, असं धरून ते मूग गिळून राहिले होते. कामाचं नाव घरात काढलं नाही, पोरीचं नाव काढलं नाही. आणि ही बाई रोज पहाटे उशीखालची डबी कानाशी धरून दुसराच हिशोब मांडत होती.

"मले तवाच विचारायचं नाई काय?"

"विचारलं ना." भागीरथाबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "दवाखान्यात, ते गेली त्या सकाळी. बाकड्यावर बसलो होतो आपन. मी म्हनलं, तुमच्या कपड्याईत काई होतं काय हो? तुमी म्हनले, शून्य म्हनता येत नाई."

श्रावणभाऊंना काही आठवेना. बाकडं आठवलं. फिनेलचा वास आठवला. काजलची पिवळी रिबन आपण मुठीत धरली होती, तेही आठवलं. आपण काय बोललो ते मात्र आठवेना. पण ते वाक्य आपलंच, यात शंका नव्हती. सुन्न झालेल्या डोक्यातून सवयीचं वाक्य बाहेर पडलं असणार. बापाला प्रश्न विचारला होता आणि उत्तर प्रयोगशाळेनं दिलं. मशीनला काही सापडलं नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. पण ज्या आईचं लेकरू समोर पांढऱ्या चादरीखाली आहे, तिला ते कसं ऐकू आलं असेल? काहीतरी होतं, असंच.

स्ट्रॉन्शियमसुद्धा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत निम्मं होतं. हिच्या मनातलं काहीच कमी झालं नव्हतं.

त्यांनी भागीरथाबाईंचा हात हातात घेतला. अंबाडीच्या रसानं बोटं आंबट-चिकट झाली होती. पडवीत, भरदिवसा, रस्त्यावरून लोक जात असताना त्यांनी आजवर असं कधी केलं नव्हतं.

"आयक," ते म्हणाले. "तिथं रोज सांजी सुटी झाली का दारावर मशीन राहे. हात घाला, पाय ठेवा, कपड्याईवरून फिरवून घ्या. काई लागून असलं तं घंटी वाजे, अन् मंग मानसाले बाहेर सोडत नसत. कोट तिथंच ठेवा लागे. माह्यावेळी ते घंटी कधीच वाजली नाई. एकदा बी नाई. तुह्या बादलीत मुंबईचा मळ होता, लोकलमधला घाम होता. दुसरं काई नोतं."

"काईच नोतं?"

त्या डोळ्यांकडेच बघत होत्या. कालपासून श्रावणभाऊ ज्याला भीत होते तेच बघणं. त्यांचे साहेब, त्यांची टेबलं, ते सगळे रिपोर्ट एका क्षणात त्यांच्या मनासमोरून गेले. जन्मात जो शब्द त्यांनी कधी वापरला नव्हता, तो जिभेवर आला तेव्हा त्यांना तो अगदी हलका लागला.

"शून्य," ते म्हणाले.

"तुमी तं म्हनत होते, शून्य म्हनता येत नाई."

"मशीनले म्हनता येत नाई. मी म्हनून राह्यलो."

त्यांची मान खाली गेली नाही. भागीरथाबाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या रडल्या. आवाज न करता, खांदे हलवत, पुष्कळ रडल्या. दम लागेल म्हणून श्रावणभाऊ पाठीवरून हात फिरवत राहिले. "हळू, हळू. झडप आहे व ते," असं काहीतरी बोलत राहिले. भाजीवाली फाटकाशी येऊन उभी राहिली, आत पाहून तशीच पुढं गेली.

शनिवारी सकाळी ओमप्रकाशच्या ऑटोतून दोघं नालवाडीला गेले. भागीरथाबाईंचा भाऊ किसनराव अंगणात तोंड धूत होता. त्यानं पुढचं घर स्लॅबचं बांधलं होतं, पण मागची चुलीची खोली अजून कवेलूची होती.

"या, भाऊजी! अन् बाई, तू काऊन आली या हालतीत? मीच येनार होतो ना उद्या."

"काम आहे," बाई म्हणाल्या आणि सरळ मागच्या अंगणात गेल्या. डबीतून दात काढून त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवला. "तुमी फेका. माहा हात वर जात नाई."

श्रावणभाऊंनी हात मागं नेला आणि फेकला. दात कवेलूच्या कडेला लागला, टण्णकन उडाला आणि खाली अंगणात कुठंतरी पडला.

"अगं माय!" बाई ओरडल्या. "जन्मात गोटी तरी खेळले काय तुमी?"

मग काय, दोघं म्हातारी मातीत वाकून शोधायला लागली. किसनराव तोंडाला साबण तसाच ठेवून धावत आला. काय शोधायचंय हे त्याला आधी कळेना. दात म्हटल्यावर त्यानं विचारलं, "कोनाचा? भाऊजी, तुमचा पडला काय?" बाईंनी सांगितलं कुणाचा ते. किसनराव तिथंच गुडघ्यावर बसून बोटांनी माती चाळू लागला. त्यालाच सापडला, कढीपत्त्याच्या आळ्याजवळ. त्यानं दात स्वतःच्या बनियनला पुसला आणि बहिणीकडे दिला.

"मामानं फेका लागते," भागीरथाबाई म्हणाल्या. "पोरगी म्हने ना नेहमी, मामाच्या घरावर."

किसनरावानं फेकला. कवेलूंवर एकदा, दोनदा वाजला, पन्हाळीतून थोडा घरंगळला आणि वर कुठंतरी अडकून थांबला. तिघंही मान वर करून उभे होते. पोरं दात फेकताना उंदराकडे नवा दात मागतात. किसनरावाच्या ओठांवर ते आलं, पण मागायचं कुणासाठी, म्हणून तो थांबला. कुणीच काही मागितलं नाही.

चहा झाला. परत निघताना ऑटोत बसल्यावर भागीरथाबाईंनी सवयीनं पदराच्या गाठीतून डबी काढली, कानाशी धरली आणि हलवली. आवाज आला नाही. मग त्यांनी झाकण नीट लावलं.

"सोमवारी किती वाजता निघायचं म्हनता?" त्यांनी विचारलं. "माह्या औषधाच्या गोया याच्यात राह्यतीन. डबी चांगली आहे."